पेन्सिलीची रेघ

रेघ पेन्सिलीनेच ओढायची.
शाई स्वतःच चालू लागते द्रवाबरोबर
आणि मग कोण कुठून निघालं होतं
ते सांगता येत नाही.

सोस्नोव्हिएत्स. नोव्हेंबर. चारलाच अंधार.
ओतिलिया केशनळीने टेकवते थेंब,
टाचणीच्या डोक्याएवढे:
कॅप्टोप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल, फोसिनोप्रिल.
वर्गातली हजेरीच,
सगळ्यांचं आडनाव एक.

मिथेनॉल साठ, पाणी चाळीस.
काचेच्या भांड्यावर झाकण. आता हात लावायचा नाही.
पांढऱ्या थराला तेलकट अस्तर आहे,
ज्याचा जीव तेलात त्याचा पाय निघत नाही.
लिसिनोप्रिल निघालंसुद्धा, मागे न बघता.
फोसिनोप्रिल उंबऱ्यातच,
"निघते हं" म्हणून चपला घातल्यावर
तासभर बोलणाऱ्या मावशीसारखं.

आयोडिनच्या वाफेत डाग उमटतात,
कपाच्या बुडाने टेबलावर उमटावेत तसे.
विरायच्या आत त्यांना पेन्सिलीने वेढा घालायचा.
काहींना शेपटी असते.
त्यांचा मध्य कुठे धरायचा, हे विचारायला
व्रुब्लेव्स्काबाई आता नाहीत.

मग पासष्ट-पस्तीस. मग सत्तर-तीस.

आलेखावर ठिपके मांडून
ती रेघ मागे वाढवते, शून्य मिथेनॉलपर्यंत,
जिथे नुसतं पाणी, आणि नुसत्या पाण्यात
ही पट्टी धड भिजतसुद्धा नाही.
कुणी न केलेल्या त्या प्रयोगाचा आकडा
अहवालात मात्र पहिल्या रकान्यात जातो.

रविवारी बितोमला, वडिलांकडे.
अल्फोन्स. एकतीस वर्षं खाणीत.
खालचा कोळसा यांनीच काढला,
आता वरचं घर कलतंय.
लिफ्टचं घर बघून ठेवलंय तिने कातोवित्सेला.
ते म्हणतात, इथलं कुठलं दार अडकतं
ते मला ठाऊक आहे.

"गोळी कुठली घेता?"
"पांढरी."
"सगळ्या पांढऱ्याच असतात, बाबा."
"मग विचारतेस कशाला?"

कॅलेंडरच्या पाठीमागे रक्तदाबाची नोंद,
खाणीतल्या हजेरीच्या अक्षरात:
सोमवार एकशे साठ.
मंगळवार एकशे पंचावन्न.
बुधवार एकशे पन्नास.
गुरुवार एकशे पंचेचाळीस.

ओतिलिया बघत राहते.
अकरा वर्षांत एकदाही
इतकी सरळ रेघ तिला मिळालेली नाही.

ती काही बोलत नाही.
कपाटावरून यंत्र काढते. वर धूळ,
पट्टा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेला.
"बाही वर करा," म्हणते.
आणि ते, खिडकीकडे बघत,
आधी चुकीचा हात पुढे करतात,
मग दुसरा.