बाहेरचा नांगर

पंधरा दिवस झाले, जहाज मुरगावच्या बाहेरच्या नांगरावर.
पांढरं, पाहुण्यानं दाराशी काढून ठेवलेल्या चपलेसारखं.

फाईल माझ्याकडे. सहा प्रती,
खलाशांचे पासपोर्ट, यंत्रांची यादी,
कुठली तार किती मीटर खोल जाणार.
परराष्ट्र खात्याची हरकत नाही.
संरक्षण खात्याचं उत्तर नाही.
या दोन 'नाहीं'मधलं अंतर
अठ्ठावीस वर्षं मोजतोय मी, वास्कोतल्या एजंटाच्या टेबलावरून.

काल कैतानच्या होडीतून सामान पोचवलं:
कोबी, अंडी, शंभर पाव, गोडं पाणी.
शिडीवरून त्यांची मुख्य बाई वाकून म्हणाली,
नुसता एक थर्मामीटर सोडू का, मिस्टर केरकर?
दोरीनं. इथंच.
मी म्हटलं, नको.
सात समुद्र ओलांडून आलेली,
आठव्यात बोट बुडवता येईना.
हसली, हात खिशात घातले.

परतताना कैताननं हात पाण्यात घातला,
कोपरापर्यंत. वास घेतला.
म्हणाला, तळचं पाणी वर आलंय, कुजकं.
सुंगटं काठाला येऊन मरतायत.
आणखी आठ दिवस, मग सरलं.

हेच. अगदी हेच मोजायला ती आलीय,
अर्जात रकाना अकरा.

आज सकाळी परवानगी आली.
अटी नऊ. नौदलाचा अधिकारी सोबत,
त्याला शाकाहारी जेवण.
मुदत एक तारखेपासून,
म्हणजे आजपासून दहावा दिवस.

शिक्का मारला. थोडा तिरपा बसला.
कैतानला म्हटलं, सामानाच्या पावतीवर सही कर.
तो म्हणाला, थांब, हात धुऊन येतो,
कालचा वास अजून जात नाही.