उत्तरेची भिंत

बत्तीस वर्षं मी आभाळाची चाकरी केली.
मुर्गाबच्या हवामान केंद्रात, दर तीन तासांनी :
तापमान, वारा, ढग.
ढगांच्या रकान्यात बहुतेक शून्यच.
त्या शून्याचा कुणाला काही उपयोग होईल
असं मला तरी वाटलं नव्हतं.

केंद्राला कुलूप लागलं तेव्हा वह्या मी घरी आणल्या.
जाऊबाई जुमागुल म्हणाल्या, बरं झालं, चुलीला होतील.
जळणाची झुडपं डोंगरावरून संपत आलेली,
याकच्या गोवऱ्याही मोजून वापरायच्या दिवस.
मी म्हटलं, थांबा.
यांत ऊन आहे.

डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य
अठ्ठावीस अंशांच्या वर चढत नाही.
म्हातारा झालेला पाहुणा, उंबऱ्याशीच टेकणारा.
काच त्याच्यापुढे उभी हवी, बासष्ट अंशांत कललेली,
म्हणजे तो घसरून परत जायचा नाही,
थेट आत येईल, जोडेसुद्धा न काढता.
मिर्झाटने कोळशाने दारावर रेघ ओढली.
ती रेघ अजून पुसलेली नाही.

मग खणणं.
गुडघाभर, मांडीभर, कमरेएवढं.
पहार गोठलेल्या मातीवर आपटली की ठिणगी उडे
आणि हाताला झिणझिण्या संध्याकाळपर्यंत.
पण कमरेच्या खाली माती बोलायला लागली,
आधी कुरकुरत, मग मऊ.

उत्तरेची भिंत मातीच्या विटांची,
जाडी दोन हात, पाठीशी मेंढ्यांची लोकर ठासलेली.
शेजारचा सत्तारकुल कुंपणावर रेलून म्हणाला,
खिडकी नाही? डोंगर कसे दिसणार?
डोंगर दिसतातच रे. डोंगरांनी आजवर
कुणाच्या ताटात कोथिंबीर वाढली?
या भिंतीला दुसरीकडे बघायची मुभाच नाही.
तिने दिवसभर उन्हाचं ऐकून घ्यायचं
आणि रात्री तेच रोपांना सांगायचं, हळू आवाजात.

तिच्या पायाशी अकरा पिंपं, पेट्रोलची, जुन्या फौजेची.
काजळी फासून काळी केली, विहिरीच्या पाण्याने भरली.
ती आमची बँक.
व्याज देत नाही, पण ठेव बुडवतही नाही.

राहिला रात्रीचा नमदा, काचेवर सोडायला.
एवढा रुंद नमदा घरात एकच होता,
जुमागुलबाईंच्या लग्नातला, लाल शिंगांच्या नक्षीचा.
दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी तो दाराशी गुंडाळून ठेवलेला दिसला,
वर दोरी, दाभण, आणि एकही शब्द नाही.

एकोणीस जानेवारी. सत्तारकुलच्या मुलीचं लग्न.
गाव सगळं तिकडे, आम्हीही.
मिर्झाटला वाटलं मी नमदा सोडला,
मला वाटलं त्याने.
काच रात्रभर ताऱ्यांपुढे उघडी.

पहाटे कंदील घेऊन आत गेले.
काचेलगतचा पालक काचेचाच झालेला,
बोट लावलं तर पान टिचलं.
रडायच्या आधी सवयीने वही उघडली :
बाहेर उणे एक्केचाळीस.
काचेपाशी उणे नऊ.
पिंपांपाशी एक.
भिंतीच्या पायाशी – पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं –
तीन.
उणे नव्हे.

बत्तीस वर्षांत माझ्या हातून
इतका देखणा आकडा लिहिला गेला नव्हता.

भिंतीलगतची शेपू उभी होती.
मुळेही. एक उपटला, बोटाएवढा, गुलाबी, चिखलासकट.
जुमागुलबाईंनी त्याच्या सात चकत्या केल्या,
इतक्या पातळ की सुरीचं पातं आरपार दिसावं.
मीठ लावलं. कुणी घाई केली नाही.
संध्याकाळी, ऊन काचेवरून उतरण्याआधीच,
नमद्याची दोरी त्या स्वतः सोडत होत्या.
नक्षीची बाजू आत.

काल सत्तारकुल आला होता.
इकडचं तिकडचं बोलला, जावयाचं, याकच्या खोकल्याचं,
आणि निघताना चपला घालता घालता विचारलं,
जाडी दोन हात म्हणजे तुझे हात का माझे?
मी त्याला एक वही दिली, सत्त्याऐंशी सालची.
परत आणून दे, म्हटलं.
चुलीजवळ ठेवू नकोस.