चाळणी

पालच्या विश्रामगृहामागे, नळाखाली बसून
आम्ही बिबट्याची विष्ठा धुतो.
रुसमा पावरा चाळणी धरते, मी पाणी सोडतो,
आणि जे वाहून जात नाही
ते जुन्या वर्तमानपत्रावर वाळत घालतो:
केस, नखाचं टरफल, दाताचा एक तुकडा.
नमुना एकोणतीस. सुकी नदीचं पात्र,
पाणवठ्यापासून चाळीस पावलं.

काचपट्टीवर केस ठेवला की आतली शिडी दिसते.
सशाची वेगळी, भेकराची वेगळी.
हा ससा.
सशात कुसळी गवत होतं,
गवतात गेल्या भाद्रपदाचं ऊन.

ऊन तर इथे फुकट.
भुसावळला रूळ तापून कुरकुरतात,
सावद्याला केळीच्या पानांच्या कडा जळतात,
दुपारी कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो.
एवढं सांडतं,
आणि अंजनाचं जोडपान त्यातलं चिमूटभर धरतं.
शंभरात एखादा दाणा.

ते पान टोळाने खाल्लं.
नऊ हिस्से उड्यांत गेले,
दहावा सरड्याला.
सरड्याने मान डोलावली, शेपटी उचलली, नुसता श्वास घेतला,
त्यातही नऊ गेले.
शिक्र्याच्या वाट्याला दहाव्याचा दहावा.
म्हणून पाच कोसांत शिक्र्याचं एकच घरटं.
त्याच्या एकटेपणात कविता नाही,
भागाकार आहे.

फैजपूरच्या कॉलेजात बावीस वर्षं
मी प्लायवूडचा एक त्रिकोण वर्गावर्गांत नेऊन ठेवला.
खाली हिरवा रंग, टोकाला वाघ.
पोरं म्हणायची, राजा वर बसलाय.
मी परिचर, मला बोलायचं नसायचं.
नाहीतर सांगितलं असतं:
तो पंगतीत शेवटी बसलाय रे,
त्याच्या पानात पातेल्याच्या तळाची आमटी.

नमुना एकतीस केळीच्या बागेतला.
कुत्र्याचे केस.
कुत्र्याने वखारीच्या दाराशी टाकलेली भाकर खाल्लेली,
भाकरीची ज्वारी मोटरच्या पाण्यावर वाढलेली,
मोटर दीपनगरच्या विजेवर,
वीज कोळशावर,
आणि कोळशात कुठल्या तरी जंगलाचं ऊन,
जे बघायला कुणीच नव्हतं.
इथे माझी शिडी सरळ राहत नाही.
बिबट्या मात्र सरळ चालत गेलाय,
ओल्या सरीत चार ठसे, मग बांध.

दुपारी रुसमा फडकं सोडते.
कळण्याची भाकर, ठेचा, कांदा.
अर्धी मला देते. हात साबणाने दोनदा धुतलेले,
तरी मी क्षणभर थांबतो, ती हसते.
मी तिला दहाव्या हिश्शाचं सांगतो,
म्हणतो, बघ, किती वाया जातं.
ती घास चावता चावता म्हणते,
"सगयं पोटातच राह्यलं असतं
त मंग डोंगर चढाले काय राह्यतं?"
तिच्या कपाळावरून घाम ओघळतो.
वाया गेलेलं ते हेच असावं:
सकाळपासून तिने चढलेले तीन डोंगर,
आणि हे हसणं.

संध्याकाळी नमुना तेहेतीस उघडतो
तर पिशवीला भोक.
धुवायच्या आधीच कुणीतरी वाटा नेलाय.
शोधतो तर पायरीखाली शेणकिडा,
उलटा होऊन, मागच्या पायांनी
आपल्यापेक्षा मोठी गोळी मोहाच्या दिशेने ढकलतोय.
मुळाशी नेऊन पुरेल. अंडं घालेल.
पुढच्या साली मोह थोडा जास्त गळेल,
ते ह्या नोंदवहीत येणार नाही.

वजनकाट्यावर तीन ग्रॅम कमी.
शेरा ह्या रकान्यात काय लिहू, मी विचारतो.
'गहाळ' लिहू?

रुसमा किड्याला वाट देत पाय बाजूला घेते.
"गहाय कशाले?
लिवा, वाटंवर हाये."