धावदोरा

जन्मभर नाकासमोर चाललो, डॉक्टरीणबाई,
आणि तुम्ही फोटो उजेडाला धरून सांगता
की पडदा डावीकडे कललाय.
असेल.
गोळीबार चौकातून तांडापेठेत शिरताना
आमचं घर डाव्याच हाताला लागतं.
घरात खड्डा-माग होता.
माग विकला, खड्डा राहिला,
त्यात आता सुनेचं सिलिंडर उभं असतं.

या वयात नाक काहून कापून घेता, म्हणाले जावई.
एकाहत्तर.
मी म्हटलं, झोपेत श्वास अडकला की
कौसल्या मला कोपरानं ढोसते,
आता तिचं कोपर दुखतं.

मेडिकलच्या ओपीडीत तुम्ही कागदावर काढून दाखवलंत,
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, पंखा नुसता आवाजापुरता.
एक रीत: दोन्ही नाकपुड्यांत पट्टी ठासायची, दोन दिवस.
दुसरी: पडद्यातून सुई या अंगाला, त्या अंगाला,
परत या अंगाला,
म्हणजे दोन अस्तरांमध्ये रक्त साचत नाही.
गोधडीसारखं, तुम्ही म्हणालात.
धावदोरा, मी म्हटलं.
आणि विचारलं, सूत किती नंबरचं?
हसलात. चार शून्य.
आमच्यात सूत बारीक होतं तसा आकडा चढतो,
ऐंशी, शंभर, एकशेवीस.
तुमच्यात शून्यंच वाढतात.
वर म्हणे ते आपोआप विरघळतं.
विरघळणारं सूत!
शेटजीनं मजुरीच दिली नसती.

शेजारच्या खाटेवर श्रावण लांजेवार,
अजनी यार्डातले रिटायर पॉइंट्समन.
त्यांचं मोठ्या सरांनी केलं. सरांचा भरवसा पट्टीवर.
रात्री कवळी डबीत, तोंड उघडं,
जीभ टाळूला चिकटलेली,
पाण्याचा घोट गिळला की कानाला दडा.
बोटावरच्या चिमट्याचा आकडा
नव्वद, अठ्ठ्याऐंशी, असा उतरायचा
आणि सिस्टर मास्क घेऊन धावायची.
ते उठून बसत,
गाडी येतेय आणि सांधा हलत नाही
अशा डोळ्यांनी.
मी त्यांच्या ओठांवर ओला कापूस फिरवला.
दुसरं काय करणार.

माझंही सगळं सुखाचं नव्हतं.
पहाटे तीनला उशीवर ठिपका,
मग ठिपक्याचा रुपया.
तुम्ही उलट्या चपला घालून आलात, कपाळावर दिवा.
टाका उसवला का? मी विचारलं.
बघू, म्हणालात. नाही थांबलं तर मीही पट्टीच भरीन, काका.
हे मला आवडलं.
एकाच रीतीची शपथ घेतलेला विणकर
शेवटी आपलंच लुगडं बिघडवतो.
दहा मिनिटं नाक चिमटीत धरून बसलो.
शेटजीपुढं चाळीस वर्षं मुठीत धरलं होतं,
त्यामानानं चिमूट काहीच नाही.
थांबलं.

तिसऱ्या दिवशी लांजेवारांची पट्टी ओढली.
निघतच राहिली.
सवयीनं मी वार मोजला, एकीकडचाच पाऊण भरला.
त्यांच्या डोळ्यांना धार लागली,
मग पहिला श्वास,
आणि हात वर, हिरवा झेंडा दाखवावा तसा.
मोठे सर ट्रेकडं बघत राहिले थोडा वेळ.
तुम्हीही काही बोलला नाहीत.
पुढच्या म्हाताऱ्याला काय केलं
ते मला माहीत नाही.

पंधरा दिवसांनी खपल्या काढून परत येताना
ऑटो नाग नदीच्या पुलावर अडकला.
कौसल्येनं पदर नाकाला लावला.
मी नाही.
आधी डाव्या नाकपुडीनं घेतला तो वास,
शेण, साबण, कुजकं, सगळा,
मग उजवीनं, जुळतो का बघायला.
ऑटोवाला आरशातून बघत होता.
बाबाजी, बरं आहे ना?
म्हटलं, घाई नाही, हळू चालव.