झाकणं

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात माझा बाप
उभ्यानेच जेवायचा
आणि व्हेंतिमिल्याहून व्हॅन काढायचा.
सरहद्द, तीन बोगदे,
मग डावीकडे एकदम खाली
ते दिव्यांनी लडबडलेलं मोनाको.

वर्दळ ओसरेपर्यंत तो कॅसिनोमागे सिगारेट ओढायचा.
नंतर गुडघे टेकायचा. एकेका झाकणापाशी.
गटाराची, पाण्याची, टेलिफोनची,
बिडाची गोल नि चौकोनी झाकणं.
प्रत्येकाला वेल्डिंगचे चार टाके.
चारच. पाचवा घातला की सोमवारी उघडताना
आपलीच कंबर जाते, म्हणायचा.

मी विचारलं होतं, कशाला एवढं? जड तर असतात.
त्याने सुपाची बशी टेबलाला ओली चिकटवली
आणि झटक्यात वर ओढली.
"गाडी वाऱ्याने खाली दाबली जाते, खरंय.
पण पोटाखालून ती रस्ता शोषत जाते.
पन्नास किलो? पाचोळा."

आई म्हणाली, बशी फोडू नकोस, ओरेस्ते.

वळणांची नावं त्याला कधी आली नाहीत.
हेअरपिन म्हणजे एकशेचाळीस ते शेहेचाळीस.
बोगदा संपून डोळे दिपतात तिथे दोनशे सहा,
ते जरा डुगडुगतं.
आम्ही बारमध्ये सगळे टीव्हीला चिकटलेले,
कोण पुढे, कुणाचे टायर गेले,
आणि हा पाठमोरा बसून
नुसता ऐकायचा.
दर फेरीला एकदा, कॉफीचा चमचा थांबायचा.
दोनशे सहा.
मग ढवळणं पुन्हा सुरू.

मी चौदाची होते त्या वर्षी
शुक्रवारच्या सरावात अठ्ठ्याऐंशी उचललं.
निळी गाडी हवेत हातभर उडाली, कठड्याला घासत थांबली.
कायो ब्रांदाँव आपल्या पायांनी बाहेर आला,
हेल्मेट काढलं, वाकून गाडीखाली पाहिलं
आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाला
जे टीव्हीवाल्यांनी भाषांतर केलं नाही.
क्रेनने गाडी उचलली तेव्हा तळ फाटलेला,
सोललेल्या माशासारखा,
आत पिवळ्या वायरी.

रात्री साहेबाचा फोन आला.
अठ्ठ्याऐंशी बापाचं नव्हतं.
ती बाजू तोनीनो व्याल्येची, ज्याची बायको
त्याच आठवड्यात इस्पितळात होती.
हे मला कळलं वीस वर्षांनी, तोनीनोच्याच तोंडून,
बापाला मातीत ठेवून परतताना.
बाप फोनवर एवढंच म्हणाला होता,
"हो. बघतो."
आणि टॉर्च घेऊन निघाला.

त्या रात्री त्याने सगळी तपासली.
आपली, तोनीनोची, फ्रेंचांनी केलेली.
हातोडीच्या दांड्याने ठोकत, कान लावून,
कलिंगड घेताना लावतात तसा.
बंदरात कुणाच्या तरी बोटीवर नाच चालू होता.
उंच टाचांची एक बाई थांबली,
विचारलं म्हणे, काही हरवलं का?
"अजून तरी नाही, सिन्योरा."

पुढच्या वर्षीपासून त्याला अर्धीच झाकणं मिळाली.
अर्धाच पगार.
आई चिडली, तो बशीत पाव बुडवत राहिला.

वर्तमानपत्रातलं त्या गाडीचं कात्रण त्याने ठेवलं होतं.
गाडी कापून टाकलेली.
उरलं होतं कोपऱ्यातलं झाकण,
उपडं पडलेलं, आणि कडेला एक टाका
अर्धवट धरून राहिलेला.

यंदा मी गेले होते, शर्यत संपून दोन दिवसांनी.
कठडे निघत होते. रस्त्यावर रबराच्या काळ्या गोळ्या,
मुलं वेचून खिशात भरत होती.
बोगद्यातून चालत बाहेर आले, डोळे दिपले,
आणि बुटाला काहीतरी लागलं.
नखाएवढा उंचवटा, झाकणाच्या कडेला,
ग्राइंडरने घासूनही राहिलेला.
जुना आहे की यंदाचा, कुणाचा आहे,
ते लोखंडावरून कळत नाही.

मी टाच त्यावर जरा दाबली.
डुगडुगलं.