शंभर मिलिलिटर

तमालेच्या घरात, फरशीवर पाय पसरून
फुसेना पिशवी भरते आहे.
पारदर्शक, एक लिटरची,
जिचं तोंड मिटलंच पाहिजे.

सनस्क्रीन चिमुकल्या बाटलीत ओतताना
निम्मं अंगठ्यावर आलं, ते नाकाला फासलं.
लिपस्टिक कुठेही चालेल.
टोनर राहू दे. टोनर म्हणजे पाणीच की,
नुसतं महाग.

आई येते, हातात तुंब्याची वाटी,
काठोकाठ शियाचं लोणी:
बिया कुटून, भाजून, दंड भरून येईतो फेटलेलं.
"हे ने. विनिपेगची हवा कातडी सोलते म्हणे."
"आई, ते विचारतील. हे पातळ की घट्ट?"

आई वाटी कलती करते.
दुपारचं लोणी ओघळतं, थबकतं,
दोन्हीकडचं बोलतं.
"इथे पातळ. तिथे दगड.
मधे कुठे विचारलं तर
मधलं काहीतरी सांग."

शेवटी मावलं काजळाच्या डबीएवढं.
उरलेलं तिनं लेकीच्या कोपरांना, मानेला,
कानांमागे चोळलं, लहानपणीसारखं,
जरा जोरातच.
"हे तर तोलत नाहीत ना?"

विमान गेलं.
खिडकीत मागे राहिली एक जाड बरणी,
रात्रीचं क्रीम, सील न फोडलेलं,
पिशवीत न मावलेलं.

अझारा झाकण फिरवते. हुंगते. नाक मुरडते.
मग भर दुपारी, उंबऱ्यावर बसून
ते परदेशी पांढरं
टाचेच्या भेगांमध्ये
लिंपत राहते,
एका भेगेला एक बोट.