लाल बाजू

भोसरीत गुरुवारी वीज नसते.
तेव्हा आमच्या शेडमध्ये एरवी न येणारे आवाज येतात :
पत्र्यावर कावळ्याची पावलं,
मुलाणीमामांचा खोकला,
आणि शेठच्या कॅल्क्युलेटरची बटणं.

मी बुश तपासते. अठरा वर्षं झाली.
गनमेटलचे, पंपात बसणारे, अंगठ्याएवढे.
हातात प्लग गेज. एक टोक हिरवं, एक लाल.
हिरवं सरकन आत गेलं पाहिजे,
लाल दारातच अडलं पाहिजे.
माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच,
बी.ए. घरी पेटीत आहे.

दिवाळीआधी बोऱ्हाडेशेठनी
टेबलावर एक खोका उपडा केला.
न्हावाशेव्याला उतरलेला माल, चकचकीत.
“बघ गं कुमुद, यांचं काय म्हणणं आहे.”
शंभर तपासले. एक्क्याण्णव पास.
उरलेल्या नऊंचं काय ते मी सांगणार,
तेवढ्यात शेठनी भाव सांगितला.
आमचा नुसता धातू घ्यायचा तरी
बुशामागे चार रुपये जास्त.

तेव्हा सात मशीन होती, आता तीन.
जिथे बाकीची उभी होती
तिथे फरशीवर तेलाचे काळे चौकोन आहेत.
आम्ही अजून त्यांना वळसा घालून चालतो.

असोसिएशनच्या हॉलमध्ये कुणी म्हणालं,
बंदरावर भिंत घाला.
मीही टाळ्या वाजवल्या, जोरात.
घरी येताना नाशिक फाट्यावर आठवलं
की माझा मायक्रोमीटर जपानी आहे,
आणि मागच्या आषाढात आमचेसुद्धा
शंभरातले चौदा परत आले होते,
कारण लेथचं बेअरिंग बदलायचं
शेठ तीन महिने पुढे ढकलत होते.
कुंपण हवंच. नाही कोण म्हणतं?
पण कुंपणाआड झोप छान लागते,
आणि कुंपणाला भूक लागते ती वेगळीच.

मग निवडणूक आली. एक उमेदवार आले,
पांढरे बूट जपत, कूलंटचे डाग चुकवत.
स्थानिक उद्योग म्हणजे आमचा श्वास, म्हणाले.
मुलाणीमामांना नेमका तेव्हाच खोकला आला.
फोटोसाठी मी त्यांच्या हातात गेज दिला.
आठवड्याने लांडेवाडी चौकात फ्लेक्स लागला :
त्यांच्या मुठीत माझा गेज,
लाल बाजू वर, मशालीसारखी.

त्यांच्या मागे फायली सांभाळणारी एक मुलगी होती,
अमरजा की काहीतरी, ग्राइंडरमुळे नीट ऐकू आलं नाही.
सगळे गाड्यांत बसले तरी ती थांबली.
“लाल टोक आत गेलं तर?”
तर बुश भंगारात.
“आणि गेजच झिजला तर?”
अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
हिरवं टोक झिजतं, म्हटलं, वापरून वापरून.
मग ते कुठेही जातं, नको तिथेही,
आणि खोकेच्या खोके पास होतात.
म्हणून गेजही तपासायला द्यावा लागतो.
“कोणाकडे?”
हॉर्न वाजला. ती पळाली.

मतदानाच्या दिवशी रांगेत मी त्याचाच विचार करत होते.
मला फार मोठा माणूस नको.
जायचं तिथे सरकन जाईल :
आमच्या शेडमध्ये, गुरुवारच्या अंधारात,
बंदरावरच्या त्या टेबलापर्यंत
जिथे खोके न उघडता शिक्का बसतो.
आणि अडायचं तिथे अडेल,
मेव्हण्याच्या टेंडरच्या दारात, उदाहरणार्थ.
काही शतांश मिलिमीटरची सूट मी देईन.
माणूस आहे, धातू नाही.

शाई लावलेल्या बोटानेच दुपारी बुश फिरवले.
उमेदवार निवडून आले. आमचं बिल अजून अडलंय.

परवाच्या गुरुवारी मात्र स्कूटरवरून ती आली,
एकटी, फोटोवाला नाही, वही घेऊन.
मामांनी तिला काळ्या चौकोनात स्टूल दिलं.
कुठलं मशीन कधी गेलं, कितीला गेलं,
कोणता माणूस त्यावर होता, तो आता काय करतो,
सगळं लिहून घेत बसली.
कशासाठी, ते तिने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही, नजर लागते.

सव्वासहाला वीज आली.
आवाजाने ती दचकली, पण उठली नाही.
पुढचा खोका मी जवळ ओढला.